हवा कोणी बघायची? डॅशबोर्डवरच्या एका पिवळ्या दिव्याचा इतिहास

आजचा विषय लहान दिसतो. गाडी चालवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो दिवा बघितला असेल. पिवळा, घोड्याच्या नालेसारखा आकार आणि मधे उद्गारचिन्ह. तो लागला की पहिल्यांदा आपण घाबरतो, मग पेट्रोल पंपावर जाऊन हवा भरतो, आणि दिवा विझला की विसरून जातो. टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा हा दिवा. टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम असं तिचं लांबलचक नाव आहे. आज आपण तिला नुसतं ‘दिव्याची यंत्रणा’ म्हणू.

आपल्याला वाटतं, कुणातरी हुशार इंजिनिअरनं शोध लावला, कंपन्यांना आवडला आणि तो गाडीत आला. तसं झालेलं नाही. यंत्रणा तयार होती, पण ती वीसेक वर्षं महागड्या गाड्यांपुरतीच राहिली. साध्या माणसाच्या गाडीत ती आली ती अपघात, संसदेतल्या सुनावण्या आणि कोर्टातला एक खटला यांच्या वाटेनं. त्या सगळ्या भांडणाच्या मुळाशी एकच प्रश्न होता. टायरमधली हवा कोणी बघायची? चालवणाऱ्यानं, की गाडी बनवणाऱ्यानं?

सुरुवात आपल्या ओळखीच्या दृश्यापासून करू. हायवेवरच्या ढाब्यापाशी ट्रक थांबला की क्लीनर हातात टॉमी घेऊन खाली उतरतो आणि एकेका टायरवर ठोका मारत गाडीभोवती फिरतो. टणक आवाज आला तर हवा ठीक. बद्द आवाज आला तर काहीतरी गडबड. अमेरिकेतले ट्रकवालेही असंच करत आले आहेत. ट्रकला मागे जोडीनं टायर असतात. आतला बसला तर बाहेरचा त्याचा भार उचलतो आणि डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून कानानं बघायचं. या यंत्रणेचा खरा पूर्वज म्हणजे हा टॉमीवाला क्लीनर.

आता जरा मागे जाऊ. हवेच्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाचं, १८४५ सालचं. ते घोडागाडीसाठी होतं आणि चाललं नाही. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना पुन्हा शोधली. १८९५ मध्ये मिशलाँ बंधूंनी पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरची मोटार उतरवली. वाटेत इतक्या वेळा पंक्चर झालं की शर्यत काही जिंकता आली नाही. पण मोटार हवेवर धावू शकते हे लोकांना दिसलं.

त्याच दशकात अमेरिकेत श्रेडर यांचा व्हॉल्व्ह आला. आजही आपल्या गाडीच्या चाकावर तोच असतो. पाठोपाठ हवा मोजायचं खिशात मावणारं गेजही आलं. म्हणजे हवा ‘मोजायची’ सोय मोटारीइतकीच जुनी आहे. अडचण मोजण्याची नव्हती, आठवण ठेवण्याची होती. टायर पंक्चर नसला तरी रबरातून हवा हळूहळू झिरपत असते. महिन्याला साधारण एक पाउंड धरा. आपल्याकडे ‘तीस पाउंड हवा भर’ म्हणतात ना, तोच पाउंड. म्हणजे दर चौरस इंचावर तीस पाउंडांचा दाब. सहा महिने कुणी बघितलं नाही, तर बत्तीसचे सव्वीस होतात, आणि गाडीत बसलेल्याला काहीही कळत नाही.

पूर्वी निदान डोळ्यांना थोडंफार कळायचं. मग रेडियल टायर आला. मिशलाँनं १९४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. टायर म्हणून तो उत्तमच. जास्त टिकतो, रस्ता घट्ट धरतो. पण त्याची बाजूची भिंत मुळातच मऊ असते. हवा पुरेशी असतानाही तो खाली थोडा फुगलेला दिसतो. त्यामुळे हवा कमी झालेला टायर आणि बरोबर हवा असलेला टायर शेजारी ठेवले तरी अनुभवी माणूससुद्धा चकतो. टायर सुधारला, आणि त्याबरोबर डोळ्यांनी बघायची सोय गेली.

हवा कमी असली तर एवढं काय बिघडतं? चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग प्रत्येक फेरीत दबतो आणि पुन्हा सरळ होतो. तुम्ही लोखंडाची तार एकाच जागी भराभर वाकवून बघा, ती गरम होते. रबराचंही तसंच आहे. हवा जितकी कमी, तितकं दबणं जास्त आणि तितकी उष्णता जास्त. रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात आणि ते रबराला चिकटवलेले असतात. भर उन्हात, भरलेली गाडी तासन्‌तास वेगानं धावली तर तो जोड सुटायला लागतो. एका क्षणी वरचा सगळा नक्षीचा थर सालीसारखा उलगडून निघतो. याला ‘ट्रेड’ सुटणं म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अमेरिकेत १९७८ सालात जाऊ. फायरस्टोन ही तिथली फार जुनी कंपनी. आपल्या मुंबईतही शिवडीला तिचा कारखाना होता, पुढे तो बॉम्बे टायर्स इंटरनॅशनल झाला. जुन्या गिरणगावातल्या मंडळींना आठवत असेल. तर या कंपनीनं सत्तरच्या दशकात ‘फायरस्टोन ५००’ नावाचा पोलादी पट्ट्यांचा रेडियल काढला. त्याचे थर सुटायला लागले, माणसं मेली. तेव्हा कंपनीचा बचाव काय होता? ग्राहक हवा नीट ठेवत नाहीत. दोष टायरचा नाही, चालवणाऱ्याचा. शेवटी सरकारच्या दबावाखाली एक कोटीहून अधिक टायर परत बोलवावे लागले. तेव्हा अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाच्या प्रमुख होत्या जोन क्लेब्रुक. हे नावही लक्षात ठेवा, या बाई गोष्टीत पुन्हा येणार आहेत.

गंमत बघा. ग्राहक हवा बघत नाहीत असं कंपनीच म्हणते, तर मग गाडीनंच सांगावं ना, की हवा कमी आहे! हा विचार तेव्हा झाला नाही असं नाही. १९८१ च्या जानेवारीत या विभागानं अशा यंत्रणेचा नियम करावा का, म्हणून मतं मागवली. पण उपकरणं महाग होती आणि पुरेशी अचूक नव्हती. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये विषय बंद झाला.

उपकरणं महाग का होती? इंजिनचं तेल मोजणं सोपं, कारण इंजिन जागेवर असतं. चाक फिरतं, तिथं वायर नेता येत नाही. म्हणजे मोजणारा काटा चाकाच्या आत हवा, त्याला स्वतःची बॅटरी हवी, आणि निरोप रेडिओवरून यायला हवा. हे सगळं सुपारीएवढ्या जागेत, वर्षानुवर्षं गरागरा फिरत असताना.

ही अडचण दुसऱ्याच वाटेनं सुटली. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेत चार्ल्स स्मिथ यांनी दाखवलं की सिलिकॉनवर ताण आला की त्याचा विजेला होणारा विरोध बराच बदलतो. मग सिलिकॉनचा केसाहून पातळ पडदा करायचा, एका बाजूनं दाब द्यायचा आणि वीज मोजायची, की झाला दाबमापक. पुढे धुरावरचे कायदे कडक झाले, तेव्हा इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजायला मोटार कंपन्यांना असे मापक लाखांनी लागले, आणि ते स्वस्त झाले. एका कायद्यानं तयार झालेली वस्तू दुसऱ्या कामाला आली. इतिहासात हे वारंवार दिसतं.

१९८६ च्या सुमारास पोर्शेची ९५९ ही गाडी आली. टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी पहिली प्रवासी मोटार म्हणून तिचं नाव घेतात. पण ती गाडी किती जणांना परवडणार? जेमतेम काहीशे बनल्या. पुढे १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये स्टेपनीच नव्हती. हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर होते. अशा टायरला तर दिवा हवाच, कारण हवा गेल्याचं चालवणाऱ्याला कळतच नाही. थोडक्यात, दिवा होता, पण शौकिनांच्या गाडीत. ज्या गाडीत अख्खं कुटुंब सामान भरून सुट्टीला जातं, त्या गाडीत नव्हता.

अशीच एक कुटुंबाची गाडी होती फोर्ड एक्सप्लोरर. उंच, दणकट, अमेरिकेत तुफान खपलेली. तिला टायर फायरस्टोनचे. फोर्ड आणि फायरस्टोन म्हणजे नुसता धंद्याचा संबंध नव्हता, सोयरीक होती. हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन जुने दोस्त, आणि दोन्ही घराण्यांत पुढे लग्न झालेलं. २००० साली फोर्डचे अध्यक्ष होते बिल फोर्ड. ते हेन्री फोर्डचेही पणतू आणि हार्वे फायरस्टोनचेही पणतू! कंपनी मात्र १९८८ मध्ये जपानच्या ब्रिजस्टोननं विकत घेतली होती.

फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टनच्या एका टीव्ही केंद्रानं बातमी दाखवली, की एक्सप्लोररच्या फायरस्टोन टायरची साल निघते, गाडी उलटते आणि माणसं मरतात. बातमीनंतर तक्रारींचा पूर आला. मे महिन्यात सरकारी चौकशी सुरू झाली. ९ ऑगस्ट २००० रोजी कंपनीनं ६५ लाख टायर परत बोलवायचं जाहीर केलं. बदलून द्यायची सुरुवात ज्या राज्यांत करायची ठरली ती म्हणजे ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि टेक्सस. सगळी उन्हाची राज्यं. मघाशी सांगितलेली उष्णता आठवा. सरकारी नोंदीत मृत्यूंचा आकडा पुढे २७१ पर्यंत गेला.

आणि मग दोन सोयऱ्यांचं भांडण चव्हाट्यावर आलं. फोर्ड म्हणे, टायर खराब. फायरस्टोन म्हणे, गाडीच उलटणारी. या भांडणात एक आकडा पुन्हा पुन्हा आला. एक्सप्लोररसाठी फोर्डनं हवा सांगितली होती २६ पाउंड. फायरस्टोनचं म्हणणं, ३० हवी. फोर्ड सांगे, २६ नं गाडी मऊ चालते. टीकाकार म्हणत, गाडी उलटू नये म्हणून टायर मुद्दाम मऊ ठेवलेत. तुम्ही हिशेब करा. मुळात २६, त्यातून सहा महिन्यांत झिरपले सहा. राहिले २०. वर टेक्ससचं ऊन, मागे चार माणसं आणि टपावर सामान.

सरकारी तपासात टायरच्या रचनेतला दोष निघाला हे खरं. पण चालवणाऱ्याला आपल्या टायरमध्ये वीस पाउंड हवा आहे हे कळायचा मार्ग नव्हता, हेही खरं. मे २००१ मध्ये फायरस्टोननं फोर्डला टायर देणं बंद केलं. जवळपास शंभर वर्षांचं नातं तिथं संपलं.

अमेरिकेच्या संसदेनं घाईघाईनं कायदा केला आणि १ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सही झाली. कायद्याच्या लांब नावाची आद्याक्षरं जुळवून शब्द होतो ‘ट्रेड’. म्हणजे टायरचा तोच भाग, जो सुटत होता. त्यातलं तेरावं कलम दिव्याचं. त्याचा आशय असा, की एखादा टायर बराच कमी हवेचा झाला तर चालवणाऱ्याला सूचना मिळाली पाहिजे, आणि एका वर्षात तसा नियम करा.

आता खरी मजा सुरू होते. सूचना द्यायच्या दोन पद्धती होत्या.

पहिली थेट. प्रत्येक चाकाच्या आत व्हॉल्व्हला जोडून एक छोटी डबी. तिच्यात सिलिकॉनचा दाबमापक, तापमापक, बॅटरी आणि रेडिओ. अमेरिकेत ती बहुधा ३१५ मेगाहर्ट्झवर बोलते, युरोपात ४३३ वर. प्रत्येक डबीला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणजे शेजारच्या गाडीचा निरोप आपल्या गाडीनं घेऊ नये. गाडी उभी असली की डबी झोपते, चाक फिरलं की जागी होते.

दुसरी पद्धत आडवळणाची, पण चतुर. गाडीला एबीएस ब्रेक असतील तर प्रत्येक चाकाचा वेग मोजणारं साधन आधीच बसवलेलं असतं. हवा कमी झाली की टायर किंचित बुटका होतो. बुटकं चाक तेवढंच अंतर कापायला जास्त फेऱ्या घेतं. म्हणजे चार चाकांपैकी एक जास्त फिरतंय असं दिसलं की लाव दिवा. नवी डबी नको, बॅटरी नको, खर्च काही पटींनी कमी.

मग अडचण कुठे? ही पद्धत चाकांची एकमेकांशी तुलना करते. चौघंही सारखेच लंगडायला लागले तर लंगडतंय कोण हे कळणार कसं? आणि हवा झिरपते ती चारही टायरमधून एकदमच! म्हणजे माणूस ज्या गोष्टीत सगळ्यात जास्त चुकतो, नेमकी तीच त्या काळच्या या पद्धतीला दिसत नव्हती.

सुरक्षा विभागाला हे माहीत होतं. म्हणून त्यांचा मसुदा असा होता, की एक असो वा चार, सगळे टायर ओळखता आले पाहिजेत. तो मसुदा फेब्रुवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयानं परत पाठवला. त्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. आडवळणाच्या पद्धतीला एबीएस लागतो. तिला परवानगी दिली तर जास्त गाड्यांत एबीएस येईल आणि त्यानंही जीव वाचतील. मोटार कंपन्यांनाही स्वस्त रस्ता हवाच होता. जून २००२ मध्ये नियम आला तो दोन पर्यायांचा. एकतर चारही टायर बघा आणि २५ टक्के हवा घटली की सांगा, किंवा एकच टायर बघा आणि ३० टक्के घटली की सांगा.

याविरुद्ध तीन ग्राहक संघटना कोर्टात गेल्या. त्यातल्या पहिल्या संघटनेचं नाव पब्लिक सिटिझन, आणि तिच्या अध्यक्ष कोण? जोन क्लेब्रुक. १९७८ मध्ये ‘दोष ग्राहकाचा’ हा बचाव सरकारी खुर्चीवरून ऐकलेल्या बाई पंचवीस वर्षांनी ग्राहकांच्या बाजूनं त्याच खात्याविरुद्ध उभ्या होत्या. ऑगस्ट २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयानं निकाल दिला. कायदा म्हणतो, ‘एखादा टायर’ कमी हवेचा झाला तर सांगा. याचा अर्थ कुठलाही टायर, कितीही टायर. दोन किंवा चार टायर बसले तर गप्प राहणारी यंत्रणा या कायद्यात बसत नाही. नियम रद्द.

एप्रिल २००५ मध्ये अखेरचा नियम आला. एक, दोन, तीन किंवा चारही टायरमधली हवा ठरलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्के कमी झाली, तर वीस मिनिटांच्या आत दिवा लागला पाहिजे. ऑक्टोबर २००५ पासून टप्प्याटप्प्यानं सुरुवात झाली आणि सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीत हा दिवा सक्तीचा झाला. युरोपनं नोव्हेंबर २०१२ पासून नव्या मॉडेलना आणि नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या मोटारींना तो लागू केला. तोवर आडवळणाची पद्धतही सुधारली होती. हवा कमी झाली की चाकाची थरथर बदलते, ती ओळखायला यंत्रणा शिकली होती.

फायदा झाला का? अमेरिकन सुरक्षा विभागाच्या पुढच्या पाहणीत दिसलं, की दिवा असलेल्या गाड्यांत हवा अतिशय कमी असण्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं. पण नवे प्रश्नही आले. २०१० मध्ये रटगर्स आणि साउथ कॅरोलिना विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवलं, की चाकातल्या डबीचा निरोप चाळीस मीटरवरूनही ऐकता येतो, आणि खोटा निरोप पाठवून दिवा लावताही येतो. निरोपाला कुलूपच नव्हतं. हवा बघणारा क्लीनर आता तुमची गाडी कुठे गेली हेही सांगू शकत होता.

आणि आपल्याकडे? जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत बदल केला. ज्या प्रवासी मोटारीत ही यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर काढायचा संच आहे, तिला स्टेपनी नसली तरी चालेल. फरक बघा. तिकडे दिवा सक्तीचा झाला तो मेलेल्या माणसांच्या हिशेबातून. आपल्या नियमात तो आला तो स्टेपनी वगळायच्या सवलतीची अट म्हणून.

इथं थांबतो. दोन प्रश्न आलेत, ते घेऊ.

पहिला प्रश्न: दिवा असला की हवा तपासायची गरज नाही का? आहे. हिशेब करा. गाडीला ३२ पाउंड सांगितलेत. २५ टक्के घट म्हणजे दिवा लागणार २४ वर. बत्तीस ते चोवीसच्या मधलं आठ पाउंडांचं अंतर अजूनही तुमच्याच भरवशावर आहे. महिन्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. आणि गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग तसाच राहिला, तर बहुधा यंत्रणाच बिघडलेली असते. चाकातल्या डबीची बॅटरी पाच ते दहा वर्षांत संपते आणि ती बदलता येत नाही, डबीच बदलावी लागते.

दुसरा प्रश्न: नायट्रोजन भरला तर? साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू झिरपतो, इतकंच. थंडीत दाब त्याचाही उतरतो. साधारण साडेपाच अंश तापमान घटलं की एक पाउंड गेला म्हणून समजा. डिसेंबरच्या पहाटे दिवा लागतो आणि दुपारी विझतो, तो यामुळे. तेव्हा यंत्रणेला नावं ठेवू नका, हवा भरा.

हवा कोणी बघायची, या प्रश्नाचं उत्तर पंचवीस वर्षांच्या भांडणानंतर असं ठरलं, की शेवटचे चोवीस पाउंड गाडी बघेल, वरचे आठ तुम्ही. आज घरी जाताना जरा बघून जा.